थर्माकोलच्या मधपेट्यांचं बाहेरून रक्षण : यॉर्कशायरमधल्या सहा पेट्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंग्लंडमधलं आहे, वेस्ट यॉर्कशायरमधलं. पेनाइन डोंगराच्या उतारावर एक अलॉटमेंट आहे, म्हणजे इथे कौन्सिल भाजीपाला लावायला भाड्याने देते तसला जमिनीचा तुकडा. पाऊस जवळजवळ रोजचा, वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा, आणि ऑगस्टमध्ये वरच्या माळावर हेदर, म्हणजे जांभळ्या फुलांचं झुडूप, फुललं की मध असा दाट येतो की काढताना हात दुखतात. ज्यांच्या पेट्या आहेत ते मूळचे सातारा जिल्ह्यातले, इथे येऊन पंचविसेक वर्षं झाली. त्यांचं नाव देत नाही, दादा म्हणतो. मी त्यांच्याकडेच मधमाशा पाळायला शिकलो आणि या सगळ्या कामात हाताखाली होतो, त्यामुळे चुका सांगताना त्यातल्या काही माझ्या पण आहेत हे आधीच सांगून ठेवतो.

दादांकडे आधी देवदारी लाकडाच्या पेट्या होत्या. मग कंबर धरायला लागली, भरलेला सुपर, म्हणजे पेटीवर मधासाठी ठेवतात तो वरचा बॉक्स, उचलवेना, आणि इथल्या हिवाळ्यात लाकडी पेटीतल्या माशा साखर खाऊन खाऊन वसंतापर्यंत जेमतेम पोचायच्या. त्यात त्यांनी लीड्स विद्यापीठातल्या डेरेक मिचेल यांचं २०१६ सालचं काम वाचलं. झाडाच्या ढोलीतून जेवढी उष्णता बाहेर जाते त्याच्या चार ते सात पट नेहमीच्या लाकडी पेटीतून जाते असं त्यात मांडलंय. हे वाचल्यावर दादांचं ठरलं, फोम.

२०२१ च्या वसंतात सहा पेट्या उभ्या राहिल्या. १, २ आणि ३ नंबरच्या विकतच्या, साच्यात दाबलेल्या थर्माकोलच्या. हा थर्माकोल टीव्हीच्या खोक्यातला नाही बरं का, चांगल्या पेटीचा थर्माकोल घनमीटरला साधारण १०० किलो असतो, घराच्या भिंतीत घालतात तो १५ ते ३० किलोचा. हाताला लाकडासारखा कडक लागतो आणि म्हणूनच माणूस फसतो, वाटतं याला काय होणारे. ४, ५ आणि ६ नंबरच्या घरी बनवलेल्या. घराचं वाढीव बांधकाम झालं होतं, त्यातून उरलेल्या ५० मिलीमीटर जाडीच्या पीआयआर शीट होत्या, घरात उष्णता अडवायला घालतात तो कडक पिवळा फोम आणि दोन्ही बाजूंनी चंदेरी फॉइल. कापून, पॉलियुरेथेन ग्लूने चिकटवून, कोपऱ्यांत बांबूच्या काड्या खिळ्यासारख्या ठोकून आणि कापलेल्या कडांना फॉइलची टेप लावून केलेल्या. फ्रेम टेकायला आत लाकडी पट्टी. दिसायला एकदम झकास, उन्हात चमकायच्या.

सगळ्या पेट्या तशाच्या तशा बाहेर ठेवल्या. रंग नाही, काही नाही. फोमला पाणी लागत नाही मग रंग कशाला, असा तेव्हा आम्हा दोघांचाही हिशोब होता.

अडचण कशी कशी समोर आली

पहिला धडा मे महिन्यातच मिळाला. दादांनी पेट्यांवर नंबर टाकायला गाडीच्या रंगाचा स्प्रे कॅन आणला, पुठ्ठ्यात आकडा कापला आणि ३ नंबरवर फवारला. दहा मिनिटांत आकडा आत गेला. खरोखर आत, बोट फिरवलं तर ३ चा खड्डा लागत होता, नखाएवढा खोल. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, ते अॅसिटोन, टोल्यूइन, झायलिन असल्या सॉल्व्हंटमध्ये विरघळतं आणि स्प्रेच्या रंगात हेच असतं. पीआयआर फोम असल्या सॉल्व्हंटला इतक्या सहज दाद देत नाही, पण एकाच शेडमध्ये दोन्ही जातीच्या पेट्या असल्या की कुठला डबा कुठल्या पेटीला हे लक्षात ठेवणं आलं. तो ३ चा खड्डा अजून आहे.

मग २६ नोव्हेंबर २०२१ ची रात्र. आर्वेन वादळ. इथलं वारं पश्चिमेचं म्हणून पेट्या पश्चिमेच्या दगडी भिंतीच्या आडोशाला ठेवलेल्या, आणि आर्वेन आलं उत्तरेकडून. ५ नंबरचं छप्पर उडून शेजारच्याच्या कोबीत गेलं. क्राऊनबोर्ड, म्हणजे छपराखालचं आतलं झाकण, माशांनी प्रोपोलिसने, म्हणजे झाडांच्या डिंकापासून त्या करतात त्या चिकट पदार्थाने, चिकटवलेला होता म्हणून तो जागेवर राहिला आणि वसाहत वाचली. लाकडी पेटीचं नुसतं वजनच तिला धरून ठेवतं, फोमची पेटी हलकी, ती आपण धरून ठेवायची असते. दुसऱ्या दिवशी दादांनी सगळ्यांना रॅचेट स्ट्रॅप, म्हणजे सामान बांधायचे पट्टे, घट्ट आवळले, इतके घट्ट की फेब्रुवारीत पाहिलं तर थर्माकोलच्या कोपऱ्यांत स्ट्रॅप बोटभर रुतलेला. एका संकटावरचा उपाय दुसरं नुकसान करत होता आणि हे या प्रकरणात पुन्हा पुन्हा घडलंय.

फेब्रुवारी २०२२ मध्ये डडली, युनिस आणि फ्रँकलिन अशी तीन वादळं एका आठवड्यात आली. ती ओसरल्यावर आम्ही बसून एकेक पेटी नीट पाहिली, वहीत लिहून काढलं. दक्षिणेकडच्या बाजूने थर्माकोल पिवळा पडलेला, हात फिरवला की पिठासारखी भुकटी. हे पावसाचं काम नाही, हे उन्हाचं, अतिनील किरणांचं. इंग्लंडातलं ऊन ते काय असं वाटतं पण एक उन्हाळा पुरला. बॉक्स उघडताना हाइव्ह टूल, म्हणजे पेटी उचकटायची लोखंडी पट्टी, जिथे जिथे घुसवलं तिथे कडांचे टवके उडालेले, आणि त्या फटींतून सकाळी माशा ये-जा करत होत्या. घरी बनवलेल्या पेट्यांची तऱ्हा वेगळी, फॉइल शाबूत पण टेप सुटलेली. टेपच्या मागे पाणी शिरलं, फॉइल आणि फोमच्या मध्ये साचलं, थंडीत गोठलं आणि फॉइल फुगली. अंगठ्याने दाबलं की पाणी बाहेर यायचं. उघड्या पडलेल्या कडा तांबूस होऊन कुस्करत होत्या.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे कण. थर्माकोलचे पांढरे मणी पेट्यांच्या खाली, वाफ्यात, पालकाच्या पानांवर. वहिनी म्हणाल्या, "हे मातीत गेलं की कोण काढणार? आपण मेल्यावर पण तिथंच राहणार ते." यावर आमच्याकडे काही उत्तर नव्हतं. माझ्या मते या प्रकरणातला खरा निर्णयाचा क्षण तोच होता, तोपर्यंत आम्ही पेटी टिकेल का एवढंच बघत होतो.

वही समोर ठेवून पाहिल्यावर लक्षात आलं की आम्ही वर्षभर पावसाची काळजी करत बसलो आणि थर्माकोलच्या पेट्यांना पावसाने जवळजवळ काहीच केलेलं नव्हतं. त्यांना खाल्लं होतं उन्हाने, लोखंडी हत्याराने आणि स्ट्रॅपने. पाण्याचा त्रास फक्त घरी बनवलेल्यांना, तोही सांध्यांमधून. म्हणजे एकच औषध सगळ्यांना लावून चालणार नव्हतं.

काय काय पर्याय होते

फोम सोडून परत लाकडाकडे जायचं, हा पहिला विचार, आणि वहिनींचं मत तेच होतं. पण दादांची कंबर आणि त्या हिवाळ्यात वाचलेली साखर दोन्ही फोमच्या बाजूने होते. सहाही वसाहती जिवंत बाहेर आल्या होत्या, हे लाकडात त्यांच्याकडे कधी झालं नव्हतं.

दुसरा पर्याय म्हणजे बाहेरच्या भिंतीला लावतात तो मेसनरी पेंट, पाण्यात मिसळणारा. इथे बहुतेक जण थर्माकोलच्या पेट्यांना हाच लावतात. ऊन अडतं, भुकटी बंद होते, स्वस्त पडतो. पण टोकदार वस्तूपासून तो काही वाचवत नाही, कितीही कोट मारा. लाकडाला लावतात ती प्रिझर्व्हेटिव्ह द्रव्यं आम्ही बाजूलाच ठेवली, त्यातल्या बऱ्याच डब्यांत लाकूड पोखरणाऱ्या किड्यांसाठी पर्मेथ्रिनसारखं कीटकनाशक असतं, आणि मधमाशी पण कीटकच.

तिसरं म्हणजे कापड आणि गोंद. अमेरिकेत घरी छोटे कॅम्पर ट्रेलर बनवणारे लोक फोमवर कॅनव्हास ताणून, वुड ग्लूने चिकटवून वरून रंग देतात, त्याला ते गरिबाचं फायबरग्लास म्हणतात. घट्ट कवच बसतं, सांधे सगळे झाकले जातात. वेळ मात्र फार जातो.

चौथं, बाहेरून प्लायवूडचं किंवा पत्र्याचं जॅकेट. मजबूत, पण मग वजन परत आलं आणि जॅकेट व पेटीच्या मधल्या फटीत मुंग्या, इअरविग नावाचे किडे, उंदीर सगळ्यांना घर मिळालं. कॉरेक्स, म्हणजे इलेक्शनचे फलक असतात ते पोकळ प्लास्टिक, त्याचाही विचार झाला पण तेही उन्हात दोन-तीन वर्षांनी तडकतं, म्हणजे वहिनींचा प्रश्न तसाच.

दादांनी एक शंका काढली जी मला तेव्हा बरोबर वाटली होती, की रंगाने पेटी बंद झाली तर आतली वाफ जाणार कुठे. लाकडी पेटीत ते क्राऊनबोर्डखाली चार आगकाड्या ठेवून हवा खेळती ठेवायचे, इथली जुनी पद्धत. पण फोमच्या भिंतीतून तशीही फारशी वाफ जात नाही, ती खालच्या जाळीच्या तळातून आणि दारातून जाते, आणि वर फट ठेवली तर माशांनी कमावलेली ऊब तिथून निघून जाते. म्हणून आगकाड्या बंद.

ठरलं असं की १, २, ३ ला नुसता मेसनरी पेंट. ४, ५, ६ ला कापड, गोंद आणि वर तोच पेंट. सगळ्यांना स्ट्रॅपखाली कोपऱ्यात लाकडी ठोकळे.

काय केलं

माशा आत असताना पेटी रंगवायची नाही, हे आधी पक्कं केलं. दादांनी त्यासाठी एक रिकामा बॉक्स जादा विकत घेतला आणि माझ्या मते या सगळ्या खर्चातला तो सर्वात शहाणा खर्च. रिकामा बॉक्स रंगवायचा, वास जाईपर्यंत आठवडाभर शेडमध्ये ठेवायचा, मग चांगल्या दिवशी फ्रेम त्यात हलवायच्या आणि रिकामा झालेला बॉक्स खरवडून रंगाला घ्यायचा. एकेक करत एप्रिलपासून जूनपर्यंत काम चाललं. दिवस १० अंशांच्या वर आणि कोरडा हवा, पेनाइनमध्ये असे दिवस मोजून घ्यावे लागतात.

थर्माकोलच्या बॉक्सवर साच्यातून सुटायला लावलेलं तेलकट द्रव्य असतं. ते वॉशिंग सोड्याच्या कोमट पाण्याने घासून काढायचं, सुकवायचं, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने अंग खरबरीत करायचं, पिवळी भुकटी पूर्ण जाईपर्यंत. हे घासणं बाहेर गवतावर करू नका, आम्ही पहिल्यांदा तेच केलं आणि परत कण पसरले. नंतर शेडमध्ये ताडपत्री अंथरून, ओल्या पेपरने घासलं आणि चिखल गोळा करून कचऱ्यात दिला. पहिला कोट थोडं पाणी घालून पातळ, म्हणजे मण्यांच्या मधल्या भेगांत उतरतो, एक रात्र सोडून दुसरा कोट दाट. आतून काहीही लावायचं नाही, आतलं रंगकाम माशा स्वतः प्रोपोलिसने करतात आणि आपल्यापेक्षा चांगलं करतात.

इथे एक चूक झाली, आणि ती माझ्या हातून. १ नंबरच्या बॉक्सच्या वरच्या-खालच्या टेकणाऱ्या कडाही मी रंगवून टाकल्या, म्हटलं सगळीकडे झाकलेलं बरं. अॅक्रिलिक रंग सुकल्यावरही दाबाखाली एकमेकांना धरतो. तीन आठवड्यांनी सुपर उचलायला गेलो तर दोन्ही बॉक्स एक झालेले, हाइव्ह टूलने जोर लावला आणि तळहाताएवढा थर्माकोल कडेसकट निघून आला. माशा अर्थातच चिडल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. त्यानंतरच्या बॉक्सांच्या टेकणाऱ्या कडा कोऱ्या ठेवल्या आणि त्यांवर साधी मेणबत्ती घासली, तेव्हापासून चिकटले नाहीत. टूल पण आता रुंद पात्याचं वापरतो, बाजूच्या मध्यावर नाही तर कोपऱ्याशी हलकं पिळतो, कोपरा भरीव असतो.

कापडाचं काम मला जास्त आवडलं. दादांनी आधी सोलापुरी चादर घेतली, पण ती इतकी जाड की गोंद आरपार जाईना आणि कोपऱ्यावर घडी बसेना. मग वहिनींनी कपाटातून त्यांच्या सासूबाईंचं जुनं सुती नऊवारी काढलं, गोधडीसाठी ठेवलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. मी म्हटलं वहिनी राहू दे, आपण बाजारातून मांजरपाट आणू, तर म्हणाल्या, "आईंना मधाचं लई वेड होतं, लावा." तीन पेट्यांना पुरून वर उरलं.

फॉइलला पॉलिश पेपर मारून चमक घालवली, फुगलेले भाग कापून काढले, साचलेलं पाणी सुकायला दोन आठवडे घरातल्या रेडिएटरजवळ ठेवले. सुटलेली टेप पूर्ण काढली. मग बाहेर वापरायचा पाणी सोसणारा वुड ग्लू थोडा पातळ करून ब्रशने लावायचा, त्यावर कापड, वरून परत ग्लू आणि हाताने मधून कडेकडे सारत हवा काढायची, पोळीवर तूप फिरवतो तसं. कोपऱ्यावर कापड एकावर एक दोन बोटं चढवायचं. खालची कड आत दुमडून घ्यायची. थंडीत हा गोंद सुकताना पांढरा खडूसारखा होतो आणि मग धरत नाही, म्हणून हे सगळं शेडमध्ये हीटर लावून. इथल्या हवेत सुकायला तीन दिवस लागले. वर मेसनरी पेंट, पहिला पातळ, मग दोन दाट.

रंगावरून चर्चा झाली. दादांना गडद हिरवा हवा होता, अलॉटमेंटवर रात्री टवाळ पोरं येतात, पेट्या लांबून दिसू नयेत म्हणून. माझं मत फिका. शेवटी थर्माकोलच्या पेट्या हिरव्या आणि कापडाच्या फिक्या राखाडी झाल्या, आणि दारावर प्रत्येकीला वेगळी खूण, त्रिकोण, पट्टी, गोल, म्हणजे माशा घर चुकत नाहीत.

मग काय झालं

१९ जुलै २०२२ ला लिंकनशायरमध्ये कॉनिंग्सबीला ४०.३ अंश नोंदले गेले, युनायटेड किंगडममधलं आजवरचं सर्वात जास्त. आमच्याकडेही तसलं ऊन कोणी पाहिलेलं नव्हतं. सगळ्या पेट्यांच्या दारावर उकाड्याने बाहेर आलेल्या माशांची दाढी लोंबत होती, पण आत पोळं एकही वितळलं नाही, जी भिंत थंडी अडवते ती ऊनही अडवते. रंगाचं मात्र पितळ उघडं पडलं. ३ नंबरला मोठमोठे फोड आले. तो बॉक्स आम्ही पावसाच्या आधी उरकायचा म्हणून सोड्याने न धुता रंगवला होता. धुतलेल्या १ आणि २ वर, तोच डबा, तोच हिरवा, एकही फोड नाही.

त्याच उन्हाळ्यात ६ नंबरच्या छपरात काळ्या मुंग्यांनी वसाहत केली. छपराच्या आतली पीआयआरची कापलेली कड आम्ही उघडी सोडली होती, बाहेरून दिसत नाही म्हणून. त्यांनी फोम कोरून बोगदे केले, भुगा क्राऊनबोर्डवर. दादा म्हणाले सोपं आहे, आपल्याकडे फडताळाच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे तसं करू. महाराष्ट्रात सातेरी जातीच्या मधमाशांच्या पेट्यांनाही स्टँडच्या पायाखाली असं पाणी ठेवतात. ठेवल्या. ऑक्टोबरमध्ये त्यात पानं पडून पूल तयार झाले, डिसेंबरात बर्फ. शेवटी पायांना ग्रीसचा पट्टा लावला आणि छपराची आतली कड कापड-गोंदाने बंद केली, त्यातलं नेमकं कशाने काम झालं सांगता येत नाही, पण मुंग्या गेल्या.

खरी परीक्षा डिसेंबर २०२२ मध्ये. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली, दिवसाही गोठणबिंदूच्या खाली, जमीन दगडासारखी. इथला हिरवा सुतारपक्षी एरवी गवतातल्या मुंग्या खातो, जमीन गोठली की त्याचं जेवण बंद. १३ तारखेला सकाळी दादांचा फोन, "अरे, दोन नंबरला भोक पाडलंय, मूठ जाईल एवढं." जाऊन बघतो तर हाताची खाच असते तिथे, म्हणजे थर्माकोल जिथे सगळ्यात पातळ तिथेच, खाली पांढरा सडा आणि कडेच्या फ्रेमचा मेणाचा चुरा. थंडीत माशा एकत्र गोळा होऊन ऊब धरतात, तो घोळका मधोमध होता आणि गुणगुण ऐकू येत होती. ५ नंबरवरही चोचा मारलेल्या, कापड एका जागी फाटलेलं आणि बोटाच्या पेराएवढा खड्डा, पण आरपार नाही. कापडानेच अडवलं, का पक्ष्याला दोन नंबरचा मधला मेवा सापडल्यावर इकडे रस उरला नाही, एका पेटीवरून मी छातीठोक सांगणार नाही.

पक्ष्याला इजा करता येत नाही, १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अॅक्टखाली इथे त्यांना संरक्षण आहे, आणि करावीशी पण वाटली नाही, तो उपाशी होता. आता काय करायचं हा प्रश्न. पेटी उघडून बॉक्स बदलायचा तर गोठत्या हवेत घोळका मोडतो आणि वसाहत जाते. तसंच ठेवलं तर पक्षी दुपारी परत येणार. आम्ही भोकावर बाहेरून रुंद टेप, त्यावर प्लायवूडचा चौकोन, तो स्ट्रॅपने पेटीला आवळला, आवाज न करता, दहा मिनिटांत. मग सहाही पेट्यांभोवती खांब ठोकून कोंबड्यांची षटकोनी जाळी, पेटीपासून वीतभर लांब. जाळी पेटीला चिकटवून गुंडाळली तर पक्षी तिलाच धरून बसतो आणि भोकातून चोच घालतो. २५ मिलीमीटरच्या भोकांतून माशा आरामात जातात.

२ नंबर जगली, वसंतात लहान होती पण राणी ठीक. १ नंबर मार्चमध्ये गेली, पण तिथे राणीच अंडी घालत नव्हती, त्याचा कवचाशी संबंध नाही. एप्रिल २०२३ मध्ये २ नंबरचं भोक चौकोनी कापून तेवढाच थर्माकोलचा तुकडा पॉलियुरेथेन ग्लूने बसवला आणि वरून नऊवारीच्या उरलेल्या कापडाचं ठिगळ. वाफ्यांत नवीन पांढरे मणी आता सापडत नाहीत. जुने सापडतात.

पुन्हा करायचं झालं तर

रंग पहिल्याच दिवशी, माशा घालायच्या आधी. आमचं निम्मं काम हे एका वर्षाच्या आळसाचं व्याज होतं. नवा बॉक्स धुऊन दोन कोट द्यायला एक शनिवार-रविवार लागतो, माशा बसलेल्या सहा पेट्यांना आम्हाला तीन महिने लागले.

कुठलाही नवा डबा आणला की थर्माकोलच्या टाकाऊ तुकड्यावर आधी लावून एक रात्र ठेवायचा. डब्यावर पाण्यात मिसळणारा लिहिलेलं असलं तरी.

जाळी नोव्हेंबरमध्ये लागायला हवी होती. पक्षी येतो हे शेजारच्या दोन मधपाळांनी सांगितलं होतं, पण मागच्या हिवाळ्यात आला नाही म्हणून आम्ही पुढे ढकललं, आणि मागचा हिवाळा तेवढा गोठला नव्हता हे लक्षातच घेतलं नाही. हाताच्या खाचेत आता थर्माकोलच्या प्रत्येक बॉक्सला कापडाचा एक तुकडा लावतो, तेवढ्याच जागी, पूर्ण पेटी मढवत बसत नाही. दादांना अजूनही वाटतं सगळ्याच मढवाव्यात. माझं म्हणणं, विकतच्या दाट थर्माकोलला रंग, खाचेवर ठिगळ आणि जाळी एवढं पुरतं, कापडाची मेहनत घरी बनवलेल्या पेट्यांसाठी राखावी.

आणि पीआयआरची पेटी बनवतानाच, चिकटवायच्या आधी, कापलेली प्रत्येक कड आतून-बाहेरून बंद करायची. टेपवर भरवसा नाही, आत माशा तिची कड कुरतडतात आणि बाहेर थंडी तिचा गोंद सोडवते.

२०२४ च्या वसंतात दक्षिणेकडचा हिरवा रंग फिका झाला होता, एकेक कोट परत दिला. कापडाच्या पेट्यांचं एकच दुखणं राहिलंय, खाली दुमडलेली कड ओल्या स्टँडवर बसते, पाणी ओढते आणि सुटायला लागते, ४ नंबरला सगळ्यात जास्त. यंदा ती दुमड कापून टाकून स्टँडवर दोन लाकडी पट्ट्या ठेवल्यात, म्हणजे पेटी बोटभर वर राहील आणि खालून वारा जाईल.